ते कार्ड मी दिलं नाही

मी फिल्मच्या सेटवर डीआयटी, म्हणजे डिजिटल इमेजिंग टेक्निशियन आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कॅमेऱ्यातलं भरलेलं मेमरी कार्ड माझ्याकडे येतं, मी ते डंप करते, म्हणजे दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी काढते (तिसरी रात्री निघते), आणि प्रत्येक फाइलचा चेकसम मूळ फाइलशी जुळला की मगच कार्ड क्लिअर म्हणून कॅमेरा डिपार्टमेंटला परत देते. तिथे ते फॉरमॅट होतं आणि पुन्हा भरायला लागतं. चेकसम म्हणजे त्या फाइलमधल्या सगळ्या डेटावरून काढलेला एक लांबलचक आकडा, एक बिट इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो. दिवसभर तंबूत बसून मी हे आकडे जुळताना बघत असते. बहुतेक दिवस सगळे जुळतात, पॅकअप होतं, घरी जाते. एक दिवस एक आकडा जुळला नाही, त्याच दिवसाबद्दल लिहायचंय.

फिल्म सायन्स फिक्शन होती, जग संपल्यानंतरची. सूर्यावरून एक प्रचंड वादळ येतं, सगळ्या पृथ्वीवरची वीज जाते आणि परत येतच नाही, आणि गोष्ट सुरू होते त्यानंतर चाळीस वर्षांनी. ही कल्पना अगदीच हवेतली नाहीये बरं का, १८५९ साली असं एक मोठं सौर वादळ खरंच आलं होतं, तेव्हा तारयंत्रं बंद पडली होती, काही तार ऑफिसांत ठिणग्या उडाल्या होत्या, आणि १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये असल्याच वादळानं नऊ तास अंधार झाला होता. आमच्या डिरेक्टर मॅडमनी तिथूनच सुरुवात केली. एक आजी, जी तरुणपणी कारखान्यात काम करायची, आणि एक लहान मुलगी जिनं मशीन चालू असलेलं कधी पाहिलंच नाही. आजी तिला बंद कारखान्यातून फिरवते आणि प्रत्येक मशीनचा आवाज तोंडानं काढून दाखवते. मी स्क्रिप्ट वाचलं तेव्हाच ठरवलं की पैसे कमी मिळाले तरी ही फिल्म करायची.

आणि पैसे कमीच होते. म्हणजे सगळंच कमी होतं. दिवस कमी, माणसं कमी, कार्डं कमी. मेन कॅमेऱ्याला चार कार्डं, त्यातलं एक आदल्या दिवशी कॅमेऱ्यात लागेना म्हणून मी बाजूला काढलं होतं, दुसरं मागवा म्हटलं तर उद्या बघू. उरली तीन.

उजाड जग दाखवायला किती मेहनत लागते हे मला त्या सेटवर कळलं. लोकांना वाटतं एखादी पडकी जागा बघायची आणि कॅमेरा लावायचा. पण पडक्या जागेतही केबल असतात, लांबवर मोबाईलचा टॉवर असतो, भिंतीवर कालच कोणीतरी रंगवलेला फोन नंबर असतो. आर्टवाले दादा पहाटेपासून भिंतीच्या फटीतली ताजी हिरवी पानं हातानं खुडत होते, कारण तो सीन कोरड्या दिवसांतला. आणि धूळ! पडद्यावर जी धूळ दिसते ना ती बहुतेक वेळा मुलतानी माती असते, बारीक दळलेली, मोठ्या फॅनसमोर धरून उडवतात. दिसायला फार सुंदर, उन्हात सोन्यासारखी तरंगते. पण ती लेन्सच्या रिंगमध्ये जाते, माईकच्या कापडात जाते, माझ्या लॅपटॉपच्या फॅनमध्ये जाते, नाकात तर विचारूच नका. मी तंबूला आतून प्लास्टिक लावून घेतलं होतं, कार्ड आलं की आधी ब्लोअरनं साफ करायचं, मगच रीडरला लावायचं, तरी संध्याकाळी कीबोर्डवर बोट फिरवलं की रेघ उमटायची.

तो दिवस त्या लोकेशनवरचा शेवटचा. कारखान्याच्या मालकांना जागा मोकळी करायची होती, मोठी चिमणी त्याच दिवशी दुपारी साडेचारला पाडणार होते, आणि मॅडमनी खूप फोनाफोनी करून ती पडताना शूट करायची परवानगी मिळवली होती. फिल्ममध्ये ती मुलगी चिमणी पडताना बघते असा सीन. अशी गोष्ट पैशानं आम्ही कधीच उभी करू शकलो नसतो. रिटेक नाही, रिहर्सल नाही. सुरक्षेच्या नियमामुळे मुलगी आणि आजी तिथे नव्हत्याच, त्यांना लांब बसवलं होतं, त्यांचं बघणं नंतर वेगळं घ्यायचं होतं.

दोन कॅमेरे लावले. ए कॅमेरा जरा लांबून, सेकंदाला १०० फ्रेमवर, म्हणजे पडदाभर ती चिमणी सावकाश झुकताना दिसेल. बी कॅमेरा दुसऱ्या बाजूनं वाइड. साऊंडवाल्या दादांचं वेगळंच काहीतरी चाललं होतं, त्यांनी नेहमीच्या माईकशिवाय एक काँटॅक्ट माईक (हवेतला नाही, वस्तूतली थरथर पकडणारा) कारखान्याच्या गंजलेल्या लोखंडी गेटला चिकटवला होता. मी विचारलं कशाला, तर म्हणाले जमीन हलली की गेट बोलेल. मी हो हो म्हटलं आणि तंबूत गेले.

चिमणी पडली. मी आतून फक्त आवाज ऐकला आणि टेबल हललं ते कळलं. मग बाहेर सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या, कॅमेरा असिस्टंट पळत आला, त्याच्या हातात ए-१७ नंबरचं कार्ड (कार्डं तीनच, पण दर वेळी भरलं की पुढचा नंबर), चेहऱ्यावर हे एवढं हसू. म्हणाला ताई, सोन्यासारखं जप.

मी लावलं. त्याच्या आधीचं ए-१६ अजून व्हेरिफाय होत होतं, म्हणजे त्याचे आकडे जुळवणं चालू होतं, ते चालू ठेवून हे दुसऱ्या रीडरवर घेतलं. कॉपी झाली, व्हेरिफाय सुरू झालं, क्लिप एक, दोन, तीन हिरव्या, चौथी लाल. मिसमॅच. चौथी म्हणजे चिमणी.

असं झालं की पहिल्यांदा घाबरायचं नसतं, हे मला माझ्या सिनियरनं शिकवलंय. पुन्हा वाचायचं. पुन्हा वाचलं, आता आकडा तिसराच आला. तीच फाइल, तेच कार्ड आणि दर वेळी वेगळा आकडा, म्हणजे कुठेतरी वाचतानाच गडबड होतेय. केबल बदलली. रीडर बदलला, कार्डाचे काँटॅक्ट पुन्हा साफ केले, कार्ड हाताला गरम लागत होतं. या वेळी तर कॉपी मध्येच थांबली, रीड एरर. कार्ड बाहेर काढलं आणि त्याच्यावर लाल टेपची पट्टी आडवी मारली. लाल टेप म्हणजे याला कोणी हात लावायचा नाही. माझे हात थरथरत होते आणि टेप दातानं तोडली हे मला अजून आठवतंय.

बी कॅमेऱ्याचं कार्ड तोपर्यंत आलं होतं, ते नीट उतरलं, पण उघडून बघितलं तर वारा फिरला होता. चिमणी झुकायला लागते आणि पुढच्याच सेकंदाला धुळीनं सगळी फ्रेम पांढरी. दोन मिनिटं नुसता पांढरा पडदा.

एवढ्यात एडी, म्हणजे असिस्टंट डिरेक्टर, तंबूच्या दारात. कार्ड दे. सूर्य जायला पंचवीस मिनिटं होती, मुलीचा आणि आजीचा सीन घ्यायचा होता, लोकेशन उद्या मिळणार नव्हतं. कॅमेऱ्यात जे कार्ड होतं त्यात थोडीच जागा उरली होती. मी म्हटलं १६ ला अजून पस्तीस मिनिटं लागतील, १७ मी देऊ शकत नाही. तो म्हणाला अगं कॉपी झालीये ना, व्हेरिफाय नंतर कर, १६ तरी दे. मी नाही म्हटलं. मग प्रॉडक्शनचे सर आले, त्यांचा आवाज चढला, एवढ्या सगळ्यांचा दिवस तुझ्यामुळे अडलाय असं ते सगळ्यांसमोर बोलले. बाहेर लाईटदादा, मेकअपच्या ताई सगळे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीवरून उठून टेबलासमोर उभी राहिले, म्हणजे टेबलाच्या आणि त्यांच्या मध्ये. दुसरं काही सुचलंच नाही. म्हटलं, सर, चिमणीची क्लिप खराब निघालीये, ती या कार्डाशिवाय कुठेही नाहीये, आणि १६ मध्ये आजींचा सकाळचा पूर्ण सीन आहे, एक तासात दोन गोष्टी घालवायला मी हात लावणार नाही.

हे ऐकल्यावर सगळं शांत झालं, कारण क्लिप खराब आहे हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

मॅडम आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, परत मिळेल? मी म्हटलं मिळेलही, नाहीही, लॅबमध्ये पाठवावं लागेल, आज कळणार नाही. मग विचारलं, कॅमेऱ्यात किती आहे? फोकस पुलरनं (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा) सांगितलं, नॉर्मल स्पीडला नऊ मिनिटं. त्या तिथेच, माझ्या तंबूच्या बाहेर, मुलतानी मातीत उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. किती वेळ ते मला माहीत नाही, फार नसेल, पण सूर्य खाली जात होता आणि कोणी काही बोलत नव्हतं.

तेव्हा साऊंडवाले दादा हळूच म्हणाले, मॅडम, आवाज आहे माझ्याकडे.

आपल्याकडे लोकांना वाटतं कॅमेऱ्यातच आवाजही असतो. फिल्मच्या सेटवर आवाज वेगळ्या मशीनवर रेकॉर्ड होतो, नंतर एडिटला स्लेट (शॉटच्या सुरुवातीला वाजवतात ती पाटी) बघून चित्राशी जुळवतात. म्हणजे माझं कार्ड मेलं तरी दादांच्या रेकॉर्डरमध्ये चिमणी पूर्ण पडली होती. त्यांनी मॅडमच्या कानावर हेडफोन ठेवला. मॅडमनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन माझ्याकडे दिला, का माहीत नाही, मीच जवळ होते म्हणून असेल. आधी एक कोरडा, बारीक आवाज येतो, काडी मोडल्यासारखा, इतका लहान की चिमणीचा वाटतच नाही. मग काहीच नाही. ही शांतता खूप लांब वाटते. मग जमिनीतून वर येणारा धक्का, आणि सगळ्यात शेवटी, धूळ खाली बसत असताना ते गेट. ते खरंच बोललं होतं. एक लांब, खालच्या पट्टीतला हुंकार, जुनं जनावर झोपेत कण्हतं तसा.

मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, मुलीला आणा, स्पीकर लावा.

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते मी तंबूच्या दारातून पाहिलं, पाठीमागे १६ चं व्हेरिफाय चालू होतं म्हणून मी तिथून हललेच नाही. मुलीला तुटक्या चौकटीत उभं केलं. तिला सांगितलं फक्त आवाज ऐक, काही करू नकोस. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, एकदम जवळ, आजी मागे आउट ऑफ फोकस. रोल. दादांनी आवाज सोडला. काडी मोडली तेव्हा तिनं मान वर केली. शांततेत ती तशीच राहिली, तोंड किंचित उघडं. धक्का आला तशी तिची पापणी मिटली आणि उघडली, बास. आणि गेटचा आवाज सुरू झाला तेव्हा मागे उभ्या आजींनी (त्या कसलेल्या नटी आहेत, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं) तोच आवाज गळ्यातून काढायला सुरुवात केली, हळू, गेटच्या सुरात. फिल्मभर त्या मशीनचे आवाज काढून दाखवत होत्या ना, तसाच. मुलगी मागे वळली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

कट म्हणायला मॅडमना वेळ लागला. फोकस पुलर डोळे पुसत होता. अजून एक घेऊ का म्हणून विचारलं तर मॅडम नको म्हणाल्या. कार्डात चार मिनिटं शिल्लक होती.

रात्री मी आणि डीओपी सर (मुख्य कॅमेरामन) गाडीत बसलो होतो, ड्राइव्ह माझ्या मांडीवर. सरांनी मला रशियन डिरेक्टर टारकॉव्हस्कीच्या 'स्टॉकर' या फिल्मची हकीकत सांगितली. नाव माहीत होतं, पण शूटिंगमध्ये एवढं झालं होतं हे माहीत नव्हतं, नंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मुळात ती फिल्म ताजिकिस्तानात करायची होती, तिथे भूकंप झाला, म्हणून एस्टोनियात टॅलिनजवळ गेले, नदीकाठच्या बंद पडलेल्या वीज केंद्रात. १९७७ मध्ये तिथे शूट केलं, कोडॅकच्या फिल्मवर, आणि मॉस्कोत डेव्हलप केल्यावर कळलं की बाहेर शूट केलेलं बहुतेक सगळं निकामी आहे. लॅबची चूक, फिल्मचा दोष की आणखी काही, यावर त्या युनिटमधल्या लोकांचंच पुढे एकमत झालं नाही. कॅमेरामन बदलले, तिसऱ्यानं काम पुरं केलं. आणखी पैसे मिळावेत म्हणून फिल्म दोन भागांची आहे असं दाखवलं. १९७८ मध्ये टारकॉव्हस्कीला हार्ट अटॅक आला. आणि १९७९ मध्ये फिल्म पूर्ण झाली.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पहिलं शूट वाया गेल्यावर त्यांनी तेच पुन्हा केलं नाही. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या स्ट्रुगात्स्की बंधूंनी स्क्रिप्ट नव्यानं लिहिलं, आणि तो स्टॉकर, म्हणजे लोकांना निषिद्ध भागात घेऊन जाणारा वाटाड्या, जो आधी रांगडा, गुंड माणूस होता, तो मवाळ, श्रद्धाळू झाला. आज आपण ज्याला ओळखतो तो माणूस त्या गेलेल्या निगेटिव्हनंतर जन्माला आलाय. सर हे सांगत होते आणि मला संध्याकाळचा तो चेहरा दिसत होता.

पण एक गोष्ट मला पटत नाही आणि ती मी सरांनाही बोलले. अशा हकिकती आपण फार चवीनं सांगतो. 'वॉटरवर्ल्ड'चा तरंगता सेट हवाईच्या समुद्रात बुडाला, बजेट वाढत वाढत १७.५ कोटी डॉलरच्या आसपास गेलं, त्या काळातली सगळ्यात महाग फिल्म. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'साठी ऑस्ट्रेलियातलं वाळवंट ठरवलं तर तिथे पाऊस पडून फुलं उगवली, मग अख्खं युनिट नामिबियात गेलं. ऐकायला मजा येते. पण त्या प्रत्येक हकिकतीत कोणीतरी माझ्यासारखं बसलेलं असणार. 'फ्युरी रोड'चं फुटेज ४८० तासांचं होतं म्हणतात, एडिटर मार्गारेट सिक्सेल यांनी त्यातून दोन तासांची फिल्म काढली आणि त्यांना ऑस्कर मिळालं, मिळायलाच हवं होतं. पण ४८० तास म्हणजे न झोपता बघितलं तरी वीस दिवस, आणि ते सगळं वाळवंटातल्या धुळीतून कोणीतरी एकेक करून सुखरूप उतरवून घेतलं होतं. त्या माणसांची नावं आपण शोधायलाही जात नाही. मला वाईट वाटतं ते याचं. आणि फिल्म चांगली झाली की झालं ते नुकसानही बऱ्यासाठीच झालं असं म्हणायची जी पद्धत आहे तीही मला नको वाटते. त्या गाडीत मांडीवर ड्राइव्ह घेऊन बसलेली असताना मला ती चिमणी हवी होती, बास.

१७ नंबरचं कार्ड डेटा रिकव्हरीला गेलं. अठरा दिवसांनी फोन आला, कार्डातल्या मेमरीचाच एक भाग गेला होता. चिमणी सुरुवातीला आहे, सरळ उभी, मग झुकायला लागते, मागे पक्ष्यांचा थवा उडतो, आणि मग राखाडी चौकोन येतात, एकावर एक, शेवटपर्यंत. मॅडमनी ते एकदा बघितलं आणि ठेवून द्यायला सांगितलं. फिल्ममध्ये तो सीन आता पूर्ण त्या मुलीच्या चेहऱ्यावर आहे, एकही कट नाही. १६ मधला आजींचा सकाळचा सीन मात्र पूर्ण आहे, आणि फिल्म त्यानंच सुरू होते.

प्रॉडक्शनच्या सरांशी माझं त्यानंतर कामापुरतंच बोलणं झालं. एडीचं वेगळं झालं. सहा महिन्यांनी दुसऱ्या एका प्रोजेक्टवर आम्ही पुन्हा एकत्र आलो, पहिल्या दिवशीची कॉल शीट (शूटचं वेळापत्रक) आदल्या रात्री व्हॉट्सॅपवर आली, मी आपली माझा कॉल टाइम बघायला उघडली. शेवटच्या सीनच्या आधी एक नवीन ओळ होती, वीस मिनिटं, कार्ड क्लिअरन्स, डीआयटीनं हो म्हटल्याशिवाय रोल नाही. मी त्याला थँक्यू असा मेसेज केला. त्यानं उत्तरात विचारलं, या वेळी कार्डं किती मागवू?

मी आठ लिहिलं.